उस्तादाची बॉर्डर

मूल, जि. चंद्रपूर,
१२ डिसेंबर १९९९

वाजिद,

पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारायची असते. तुझी विचारत नाही, कारण ती फोटोसकट छापून आली आहे. गुणवंतराव सरांकडे मुंबईचं एक चित्रकलेचं मासिक येतं. ड्रॉइंगची मास्तरकी संपून वर्षं झाली तरी त्यांचा तो नाद सुटलेला नाही. काल ते दुकानात आले. पिशवीतून मासिक काढलं, परत आत घातलं, परत काढलं. अब्बा मागच्या बाजूला बोर्डाचा पत्रा घासत होते. सर हळूच म्हणाले, "निशात, हे तू पाय. मन्सूरभाऊले दाखवाचं का नाई, थे तूच ठरव."

दाढी ठेवलीस. बरी दिसते. फोटोत तू कुठंतरी वर, छताकडं पाहतो आहेस. समोर बघून फोटो काढायचा नाही असा मोठ्या चित्रकारांचा नियम असेल तर असो. मी फोटो फार वेळ पाहिला नाही. शेजारचं चित्र पाहत बसले.

आपल्या राइस मिलचं चित्र. उकड्या तांदळाची वाफ, त्या वाफेत निम्मी बुडालेली लटारूची बंडी, मागं कोंड्याचा ढीग आणि त्यावर पडलेलं सकाळचं ऊन. आणि या सगळ्याला, बंडीच्या चाकाला, बैलाच्या शिंगाला, वाफेलासुद्धा, काळी रेघ.

हे चित्र तू जाळलं होतंस ना? त्र्याण्णव साली तसं पोस्टकार्ड आलं होतं. "ती सगळी चित्रं मी जाळली. पुन्हा विषय काढू नये." तुझं अक्षर पहिल्यापासून घाणेरडं, त्यात वाचायला मीच. अब्बांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी हातातला ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात ठेवला आणि तो डबा दिवसभर तसाच राहिला.

मासिकात इंग्रजीत लिहिलं आहे की ही रेघ म्हणजे तुझी ओळख. वाजिद मन्सूरची रेघ. मलेरियाच्या तापात, दवाखान्यात पडल्या पडल्या, ती तुला दिसली म्हणे. माझं इंग्रजी बारावीपर्यंतचंच आहे, पण एवढं कळायला ते पुरतं.

मी तापात होतो, मला काय ठाऊक असणार, असं तू म्हणशील. म्हणून सगळं लिहिते. तू गडचिरोलीकडच्या जंगलात मोहाची झाडं रंगवायला गेलास आणि मलेरिया डोक्यात घेऊन आलास. चंद्रपूरच्या दवाखान्यात तू बेशुद्ध होतास. नागपूरच्या प्रदर्शनाला चित्रं पाठवायची तारीख जवळ आली होती आणि सर म्हणाले, हा मौका गेला तर पोराचं नुकसान होईल. मग अब्बांनी तुझे हार्डबोर्ड खोलीतून बाहेर आणून भिंतीला उभे केले. तोवर तुझी चित्रं त्यांनी कधी धड पाहिलीच नव्हती. सगळीकडं नुसते ठिपके, फटकारे, जांभळ्या सावल्या. माणूस कुठं संपतो आणि भिंत कुठं सुरू होते याचा पत्ता नाही. त्यांना वाटलं, पोरगा आजारी पडला म्हणून कामं अर्धवट राहिली. मला म्हणाले, "पाय, रंग किती चांगले भरले यानं. बॉर्डर तेवढी राह्यली."

आपल्या दुकानाची रीत तुला सांगायला नको. रंग शागीर्दानं भरायचा आणि कडेच्या काळ्या रेघेची बॉर्डर उस्तादानं द्यायची. उस्तादाची बॉर्डर पडल्याशिवाय बोर्ड दुकानाच्या पायऱ्या उतरत नाही. तू कितीतरी वर्षं बोर्डांत रंग भरलेस आणि चिडलास, कारण शेवटचा हात नेहमी त्यांचा. त्या दिवशी अब्बांनी तुझ्या स्वतःच्या चित्रांना बॉर्डर दिली. खारीच्या केसांचा तो बारीक ब्रश घेऊन, श्वास धरून. मी शेजारी डबा धरून उभी होते. तुझा बाप रडत होता आणि रेघ हलू देत नव्हता. त्यांच्या हिशोबानं त्यांनी तुला पास केलं होतं.

तू बरा होऊन परस्पर नागपूरला गेलास, भिंतीवरची चित्रं पाहिलीस आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येऊन उंबऱ्यात उभा राहून ओरडलास, "अब्बा, तुम्ही माझं ऊन मारलं!" मग पिशवी उचलून गेलास ते गेलासच.

तेव्हापासून अब्बांनी बॉर्डर दिलेली नाही. एका बोर्डालाही नाही. मलाही देऊ देत नाहीत. मूलच्या बाजारात आपले बोर्ड लांबूनच ओळखू येतात, कारण त्यांची अक्षरं फिकी पडतात. गिऱ्हाईक विचारतं, "मन्सूरभाऊ, बॉर्डर काऊन नाई मारली?" तर म्हणतात, "माह्या हाताले बट्टा लागला."

आणि ती चित्रं जळाली नव्हतीच. ती विकली गेली, त्या रेघेमुळंच विकली गेली, आणि ती रेघ तू आपल्या नावावर करून घेतलीस.

मी अब्बांना मासिक दाखवलेलं नाही. काय सांगू? तुम्ही गुन्हेगार नाही, तुमचा मुलगा खोटारडा आहे, असं? एक दगड छातीवरून काढायचा आणि त्याहून मोठा ठेवायचा. हे तूच सांगायचं आहेस. एकदा ये. त्यांच्यासमोर बस आणि सांग की चित्रं जाळली नाहीत, रेघ तुमची होती, तिनं माझं भलं झालं. बाकी मला तुझ्याकडून काही नको.

निशात


मूल,
२० फेब्रुवारी २०००

वाजिद,

तुझं पत्र मिळालं. "आपा, कलेतल्या गोष्टी इतक्या सरळ नसतात." हो का? मग वाकड्याच सांग. मी रोज गोल पिंपावर अक्षरं काढते, मला वाकडं समजतं.

तू लिहितोस, त्यांनी मारली ती नुसती रेघ होती, मी तिला अर्थ दिला. चांगलं आहे. उद्या कोणी तुझ्या खिशातलं घड्याळ काढून घेतलं आणि म्हणाला की वेळेला अर्थ मी दिला, तर त्याला चहा पाज.

आणि मला कलेतलं कळत नाही म्हणू नकोस. तुझ्या मागं हार्डबोर्ड उचलून कोण हिंडत होतं? सरांनी तुला ते फ्रान्सच्या चित्रकारांचं पुस्तक दिलं, तेव्हा तू मलाच बसवून समजावलं होतंस. ते लोक खोलीत बसून चित्र काढत नाहीत, उन्हात जाऊन बसतात. वस्तू काढत नाहीत, वस्तूवर पडलेला उजेड काढतात. उजेड थांबत नाही, म्हणून हात थांबवायचा नाही. त्या दिवशी तू आपल्या रंगाच्या पेटीतून काळा डबा काढून अम्मीला देऊन टाकलास, चुलीच्या वरची भिंत रंगवायला. म्हणालास, "आपा, सावली काळी नसतेच, लोक पाहत नाहीत." मी त्या दिवसापासून सावल्या पाहायला लागले. तांदूळ वाळवायच्या ओट्यावर बायकांची सावली निळी पडते, ती मला तू दाखवलीस. नाहीतर मी जन्मभर काळीच समजले असते.

मिलसमोर त्याच दगडावर सकाळी एक बोर्ड, उन्हं चढली की दुसरा, उतरली की तिसरा. लटारू बंडी हाणत यायचा आणि विचारायचा, "काबे वाजिद, मिल तीच, बैल तेच, चित्र काऊन बदलून राह्यलं?" तू म्हणायचास, ऊन बदललं. लोक हसायचे. मी नाही हसले.

म्हणून विचारते. अब्बांची रेघ चोरलीस ते ठीक, पण तुझं ऊन कुठं गेलं? मासिकात नवी चित्रंही होती. सगळी आधी रेघेनं आखलेली आणि मग आत रंग भरलेला. शागीर्दासारखा. ज्या कामाला तू नावं ठेवून गेलास तेच मुंबईत जाऊन करतो आहेस. तू बापाला चुकीचा ठरवून घर सोडलंस आणि बापाचंच खातो आहेस, वर त्याला चुकीचाच ठेवला आहेस. मला राग याचा येतो.

इकडची हकीकत. गेल्या आठवड्यात बाजारातल्या धान्याच्या दुकानाचा बोर्ड परत आला. मालक म्हणाला, रस्त्यावरून नाव वाचता येत नाही. अब्बा आधी काय सांगायचे आठवतं? अक्षराला काठ नसला तर सायकलवाल्याला वाचता येत नाही. त्या माणसानं नेमकं तेच त्यांना सांगितलं. अब्बांनी बोर्ड उतरवून घेतला, आणि मी म्हटलं, "अब्बा, बॉर्डर द्या, नाहीतर मी देते." तर म्हणाले, "नको बेटा. एक डाव मी पोराचं सगळं ऊन मारलं. मले समजलंच नाई. आता मले काऊन देऊन राह्यली तो ब्रश?"

त्यांनी अक्षरं दुप्पट मोठी करून दिली. बोर्डावर मावेनात म्हणून दुकानाच्या नावातलं 'श्री' गाळावं लागलं. मालक पुन्हा आलेला नाही.

मी सासरहून कायमची परत आल्याचं तुला मागं लिहिलं होतं. त्याबद्दल तू एक ओळ लिहिली नाहीस, ते बरंच केलंस. मला सांत्वन नको होतं. पण अब्बांबद्दलही एकच ओळ आहे, "त्यांना सलाम सांग." मी सांगितला नाही. स्वतः येऊन सांग.

निशात


मूल,
२५ नोव्हेंबर २००१

वाजिद,

परवा आपण भेटलो ते तू लगेच विसरशील, म्हणून लिहून ठेवते.

मला वारलूकडून कळलं. वारलू तुझ्या वर्गात होता, आता कोरपन्याकडं सिमेंटच्या ट्रकवर आहे. तो सांगत आला, "निशातबाई, वाजिद आला ना तिकडं! कारखान्याच्या गेस्ट हाऊसात त्याचं भलं मोठ्ठं चित्र लावून राह्यले. तुमच्याइथी नाई आला का?" मी म्हटलं, येणार आहे. अब्बांना म्हटलं, राजुऱ्याला जमीला खालाकडं जाऊन येते. रोजा होता. चंद्रपूरला गाडी बदलली, राजुऱ्याला बदलली. पुढची गाडी कापसाच्या गाठी चढवायला थांबली, त्यावर ड्रायव्हरनं आणि कंडक्टरनं भांडण केलं. कोरपन्याला पोचेस्तोवर दिवस कलायला लागला होता. एवढ्या जवळ तू आला होतास आणि घरी यायला तुला वेळ नव्हता.

फाटकावरच्या माणसानं मला विचारलं, कोण पाहिजे? मी म्हटलं, चित्रकार. तो म्हणाला, "साहेब मीटिंगमधी हायेत." मग मी म्हटलं, साहेबाला सांगा, त्याच्या बापाच्या दुकानातून बाई आली आहे. लगेच आलास.

तू मला आत नेलंस, ते चित्र दाखवलंस, भिंतभर. चिमण्या, ट्रक, मजुरांच्या रांगा, आणि सगळ्यांना जाड काळी रेघ. तू विचारलंस, कसं वाटलं? मी उत्तर दिलं नाही, ते आता देते. तुझी रेघ मेलेली आहे. अब्बांची रेघ वळणावर बारीक होते, जरा थांबते आणि पुढं जाते. तुझी नुसती जाते. आणि चित्रात कुठंच धूळ नाही. मी फाटकावर उभी असताना पाहिलं, सिमेंटची धूळ खाली येत होती, उन्हं तिरपी झाली होती आणि ती सगळी धूळ गुलाबी दिसत होती. कापसाच्या वावरावर, माणसांच्या डोक्यांवर, बैलांच्या पाठींवर गुलाबी. मला तिथं एकदम रडू आलं. तो उन्हात बसणारा पोरगा असता तर त्यानं रस्त्यावरच बसकण मारली असती. मी तुझ्यासाठी रडले नाही, त्याच्यासाठी रडले.

मग तू जे बोललास ते. "आपा, सगळ्यांना सांगून बसलोय की ती रेघ मला तापात सुचली. आता काय सांगू? माझ्या बापानं चुकून मारली म्हणून?"

मी म्हटलं, "हो. तेवढंच."

"सगळं जाईल."

"काय जाईल? बाप तर आधीच गेला तुझा."

"असं नको बोलू."

"मग जगाले नको सांगू. अब्बाले सांग. एकट्याले. दार लावून सांग. मले मुंबईशी काय करावं लागते? थो माणूस आठ वर्षं झाले, ब्रश हातात घेते न् खाली ठेवते. त्याले वाटते, त्यानं पोराचा जीव घेतला. तू एक डाव म्हण, नाई घेतला."

तू फाटकाकडं पाहत होतास. आत कोणीतरी तुला बोलावत होतं. मगरीब झाली, मी पदराच्या गाठीतला खजूर काढून रोजा सोडला आणि अर्धा तुला दिला. तू घेतलास. म्हणालास, "ईदला येतो आपा. अम्मीची कसम."

अम्मीची कसम तू लहानपणीही फार सहज खायचास. तरी मी विश्वास ठेवला आहे. अब्बांना एवढंच सांगितलं की वाजिद ईदला येतो म्हणाला. त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. फक्त विचारलं, "चष्मा लागला का त्याले?" मी म्हटलं, लागला. म्हणाले, उन्हात बसून बसून लागला असंल.

काल त्यांनी दुकानाची भिंत झाडली आणि तू दुकानात रंग भरायला बसायचास तो बाक दुरुस्त करून आणला.

ये.

आपा


मूल,
२० डिसेंबर २००१

वाजिद,

ईद होऊन गेली.

अब्बा नमाजहून आले आणि दारातच बसले. शिरखुर्म्याची वाटी तुझ्यासाठी झाकून ठेवली होती. चंद्रपूरची गाडी आली की उठून उभे राहायचे. दुपारी लटारू भेटायला आला. तो आता म्हातारा झाला आहे, बंडी पोरं हाकतात. अब्बा त्याला सांगत होते, "पोरगा मोठ्या कामात असते. आला असता, पण सुट्टी नसंल." लटारू म्हणाला, "चित्रकाराले कायची सुट्टी पाह्यजे, मन्सूरभाऊ? सूर्य त रोजच निंगते." मी आत होते. मला हसू आलं, मग हसू आल्याचा राग आला.

संध्याकाळी अब्बांनी ती वाटी उघडली आणि म्हणाले, "निशात, त्यानं मले माफ नाई केलं. आन् बरोबरच हाये त्याचं."

ऐकलंस? बरोबरच आहे त्याचं, म्हणाले. तू खोटं बोललास, तू लपवलंस, तू आला नाहीस, आणि तुझं बरोबर.

त्या वेळी माझ्या तोंडावर आलं होतं सगळं. मासिक पेटीत होतं. काढून त्यांच्या मांडीवर टाकलं असतं की झालं. पण मी त्यांचा चेहरा पाहिला. त्यांच्याकडं आता एकच गोष्ट उरली आहे, आपला मुलगा खरा आहे, ही. ती काढून घ्यायची हिंमत माझ्यात नाही. तुझ्यात होती असं दिसतं, कारण तू बाकीचं सगळं काढून घेतलंस.

शिरखुर्मा मी खाल्ला. तुला अन्नाचा तरी हिशोब असावा म्हणून लिहिते.

निशात


मूल,
९ फेब्रुवारी २००३

वाजिद,

तुझं पुस्तक आलं. जाड, गुळगुळीत, तुझ्या दहा वर्षांच्या चित्रांचं. सोबत चिठ्ठी नाही, पण पाकिटावर तुझं अक्षर. मला कळत नाही, हे तू काय म्हणून पाठवलंस. शौक म्हणून? का माझ्या हातून परस्पर काहीतरी व्हावं आणि तू सुटावंस म्हणून?

मी बाजारात गेले होते. सोमनाथ रोडवर आता कॉम्प्युटरवर बोर्ड काढून देणारा एक जण आला आहे, त्याच्याकडं कामाचं विचारायला गेले होते. परत आले तर अब्बा दुकानाच्या पायरीवर बसलेले, मांडीवर ते पुस्तक उघडं आणि हातात भिंग. पोस्टमननं त्यांच्याच हातात दिलं होतं.

पहिल्याच पानावर मिल. लटारूची बंडी. वाफ. त्यांची बॉर्डर.

मी मनात म्हटलं, संपलं. आता हा माणूस विचारणार आणि मला सांगावं लागणार.

त्यांनी बोट ठेवलं बैलाच्या शिंगावर. "निशात, हे माह्या हातचं व्हय."

"हो अब्बा."

"हे त त्यानं जाळलं व्हतं ना?"

ते पान उलटत गेले. दुसरं चित्र त्यांच्या हातचं, तिसरं त्यांच्या हातचं. पुढं तुझ्या हातची. गेस्ट हाऊसवालंही होतं. प्रत्येक पानावर ती रेघ. मग त्यांनी वर पाहिलं, तर डोळे भरलेले. म्हणाले, "जाळलं नाई त्यानं, बेटा. रागात म्हणला, पण जाळलं नाई. बापाच्या हातचं म्हणून ठेवलं. आन् पाय, पुढच्या सगळ्या चित्रात त्यानं माहीच बॉर्डर धरली. एक नाई सोडली. म्हंजे माफ केलं ना त्यानं मले? कधीचंच केलं."

वाजिद, तुझी चोरी त्यांच्या समोर उघडी पडली होती, पानापानावर, आणि त्या माणसाला तिच्यात माफी दिसली.

मग म्हणाले, "वाचून दाखव. इंग्रजीत काय लिवलं?"

पहिल्या चित्राखाली काय लिहिलं आहे ते तुला ठाऊक आहे. तूच सांगितलं असणार. लहान गावात, कोणाही गुरूशिवाय, तापाच्या ग्लानीत चित्रकाराला ही रेघ सापडली. मी ते आधी मनात वाचलं. मग मोठ्यानं वाचलं. वाचलं ते असं: "ही रेघ माझ्या वडिलांची आहे. मी जे शिकलो ते त्यांच्या दुकानात शिकलो. माझे उस्ताद तेच."

"डबल वाच."

डबल वाचलं. तेच शब्द, तसेच, एक इकडचा तिकडं नाही. मला भीती होती की दुसऱ्यांदा फरक पडेल. पडला नाही. खोटं इतकं सहज बोलता येतं, हे आपल्या घरात तुला एकट्यालाच येतं असं मी समजत होते.

म्हणाले, "कुठं लिवलं हाये, थे पेन्सिलनं मार्क करून दे." मी पेन्सिल घेतली आणि 'कोणाही गुरूशिवाय' या ओळीखाली खूण केली.

दुसऱ्या दिवशी सदरा इस्त्री करून घातला आणि पुस्तक घेऊन गुणवंतराव सरांकडं निघाले. मी मागोमाग. सरांना इंग्रजी येतं, तुला माहीत आहे. मला वाटेत त्यांच्या पुढं जाऊन सरांना गाठता आलं नाही, अब्बा इतके झपाझपा चालत होते. सरांनी चष्मा लावला. अब्बा म्हणाले, "सर, थे मार्क केलेलं वाचा. उस्तादवालं." सरांनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. मी दाराला टेकून उभी होते, हात जोडायचेही भान नव्हतं.

सर म्हणाले, "हो ना, मन्सूरभाऊ. साफ लिवलं हाये. माझे उस्ताद तेच." आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

आता हे खोटं माझं आणि सरांचं, दोघांचं झालं. तिसरा त्यात यायला नको.

कालपासून अब्बा बॉर्डर देत आहेत. दहा वर्षांनंतर. रेघ वळणावर अजून तशीच बारीक होते. धान्याच्या दुकानाचा तो बोर्ड त्यांनी स्वतः जाऊन उतरवून आणला, मालकाला न विचारता, आणि दिवसभर त्याच्यावर काम करत बसले. मी डबा धरला. मध्येच गुणगुणत होते. अम्मी गेल्यापासून मी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

तीन वर्षं मी तुला ये म्हणून लिहिलं. आता लिहिते, येऊ नकोस. तू आलास तर ते तुझे हात हातात घेतील आणि तू जे लिहिलं नाहीस त्याबद्दल तुझे आभार मानतील. तुला ते सोसायचं नाही. तू कोसळशील, सगळं खरं सांगून टाकशील आणि हलका होऊन मुंबईला परत जाशील, आणि इथं मी त्यांना पुन्हा उचलत बसेन. खरं बोलायची तुझी वेळ होती तेव्हा तू बोलला नाहीस. आता ते सगळं तुझ्याजवळच ठेव. कोणी बोलावलं, कोणी विचारलं, तरी ठेव. त्यांच्या कानावर जाईल असं काही बोलू नकोस. जे सांगायला तू घाबरत होतास, ते आता सांगायची तुला परवानगी नाही.

हे पत्र लिहिताना ते शेजारी बसून आहेत; भिंगाशिवाय माझं बारीक अक्षर त्यांना वाचता येत नाही. त्यांना वाटतं मी तुला मुबारकबाद लिहिते आहे. म्हणाले, माझा एक निरोप लिही, माझ्याच बोलीत लिही. लिहिते.

"वाजिद बेटा, पुस्तक पाह्यलं. एवढ्या लोकात बापाचं नाव घेतलं, लय झालं. आता पुढच्या पुस्तकात माहं नाव नको लिहू. उस्ताद किती दिवस जगते? थे रेघ मी तुले देऊन टाकली. आता तुहीच हाये."

निरोप पोचवला.

निशात